पेशीचं पोट: लयकारिकेच्या शोधाची गोष्ट

मागच्या काही भागांत आपण तह, लढाया आणि किल्ले यांत रमलो होतो. आजचा भाग जरा वेगळा आहे. गोष्ट इतिहासाचीच आहे, फक्त तिचं रणांगण मायक्रोस्कोपखाली मावतं. आपल्या शरीरातली एकेक पेशी बाहेरचा माल आत कसा घेते, तो पचवते कशी आणि हे पचन बिघडलं की काय होतं, हा आजचा विषय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे माणसाला कळलं कसं, आणि कळल्यावर ज्यांना त्याची गरज होती त्यांच्यापर्यंत पोचायला किती वर्षं गेली. नेहमीप्रमाणे भाग लिहून काढताना बोलण्यातलं अडखळणं तेवढं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये आलो. जीवशास्त्राशी शेवटचा नीट संबंध शाळेत. तिथे पेशीच्या आकृतीत एक छोटा गोल असायचा, ‘लयकारिका’. इंग्रजी माध्यमवाल्यांसाठी लायसोसोम. तिला ‘आत्मघाती पिशव्या’ असंही म्हणतात, एवढं पाठ करून एक मार्क घ्यायचा आणि पुढे जायचं. त्या एका मार्कामागे केवढी मोठी गोष्ट आहे, ती आज बघू.

मेसिनातले काटे

सुरुवात १८८२ सालापासून. एली मेचनिकॉफ हे प्राणिशास्त्रज्ञ ओडेसा विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून इटलीत, सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहायला आले होते. समुद्र जवळ, म्हणजे अभ्यासाला समुद्री जीव भरपूर. एक दिवस घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आणि मेचनिकॉफ एकटेच घरी मायक्रोस्कोप लावून बसले. समोर समुद्रताऱ्याची अळी. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे तिच्या आतल्या फिरत्या पेशी जिवंतपणी दिसतात. त्यांच्या मनात आलं, या पेशी शरीराचं रक्षण करत असतील तर? मग आत बाहेरची वस्तू घुसवली तर त्या तिच्याभोवती गोळा व्हायला हव्यात. त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि अळीच्या कातडीखाली टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तो काट्यांभोवती पेशींचा घोळका.

यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे की रोगाच्या वेळी पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसतात हे तेव्हाच्या डॉक्टरांनाही माहीत होतं. पण पुष्कळांची समजूत उलटी होती: जंतूच या पेशींवर स्वार होतात आणि अंगभर पसरतात. मेचनिकॉफ म्हणाले, अहो, ही सवारी नाही, हे जेवण आहे. पेशी जंतूंना खातायत. अशा पेशींना ‘फॅगोसाइट’ म्हणजे भक्षक पेशी हे नाव १८८३ मध्ये रूढ झालं.

यावर जर्मनीतल्या शास्त्रज्ञांशी त्यांचं पुढची पंचवीस वर्षं वाजलं. त्यांचं म्हणणं, रोगाशी लढतात ते रक्तातल्या पातळ भागातले पदार्थ, पेशी नव्हेत. १९०८ मध्ये नोबेल समितीने पारितोषिक मेचनिकॉफ आणि विरुद्ध गटातले पाउल एर्लिख या दोघांना विभागून दिलं. आज आपल्याला माहीत आहे की दोघांचंही बरोबर होतं.

आता इथे मुंबईचा एक धागा आहे, तो सोडवत नाही. ओडेसाला मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि तिथून हिंदुस्थानात आला. वॉल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये छोट्याशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ती त्यांचीच. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला परळलाच यायचंय.

मेचनिकॉफ यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. पेशींना निळ्या लिटमसचे कण खायला घातले तर ते आत जाऊन लाल होतात. म्हणजे पेशीच्या आत कुठेतरी आम्ल आहे. पण कुठे, कशात, याचं उत्तर मिळायला अर्धं शतक जायचं होतं.

फ्रिजमधले पाच दिवस

आता बेल्जियम. सन १९४९, लूव्हाँ विद्यापीठ. क्रिस्टियन द द्यूव्ह यांना पेशीच्या पचनाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा विषय होता इन्सुलिन यकृतावर कसं काम करतं. त्यासाठी ते उंदराच्या यकृतातलं एक एन्झाइम शोधत होते. पद्धत अशी: यकृत वाटायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवायचं. जड भाग आधी तळाशी बसतात, हलके नंतर. मग कुठल्या थरात कुठलं एन्झाइम आहे ते मोजायचं. तुलनेसाठी त्यांनी ॲसिड फॉस्फेटेज नावाचं दुसरंच एक एन्झाइमही मोजायला घेतलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर मुख्य टेस्टबरोबर चालवलेली साधी चेक, जिचा निकाल आपल्याला आधीच माहीत असतो.

आणि नेमका तिथेच आकडा चुकला. पूर्वी यकृत मिक्सरसारख्या यंत्रात घुसळलं की हे एन्झाइम भरपूर दिसायचं. आता हलक्या हाताने वाटलेल्या यकृतात ते अपेक्षेच्या जेमतेम दहा टक्के दिसलं. नमुने फ्रिजमध्ये ठेवून दिले. पाच दिवसांनी पुन्हा मोजलं तर एन्झाइम जवळजवळ पूर्ण परत!

आता विचार करा. आपण असतो तर काय म्हणालो असतो? पहिल्या दिवशी मोजताना काहीतरी गडबड झाली असणार, चला पुढे. ऑफिसात अशा ‘आपोआप बऱ्या झालेल्या’ टेस्ट मी पाहिल्यात. सगळे हुश्श करतात आणि तिकीट बंद करतात. द द्यूव्ह यांनी तिकीट उघडं ठेवलं. पुन्हा पुन्हा करून बघितलं, तरी तेच. मग अर्थ एकच निघत होता. एन्झाइम पहिल्या दिवशीही तिथेच होतं, पण कसल्या तरी पिशवीत बंद होतं. पिशवी शाबूत तोवर बाहेरचा पदार्थ एन्झाइमपर्यंत पोचत नाही, म्हणून मोजमापात दिसत नाही. मिक्सरमध्ये पिशव्या फाटतात. फ्रिजमध्ये त्या हळूहळू फुटतात.

इन्सुलिन बाजूला पडलं. पुढच्या काही वर्षांत अशी पाच एन्झाइमं त्याच पिशवीत सापडली, सगळी आम्लात काम करणारी, सगळी काही ना काही तोडणारी. १९५५ मध्ये द द्यूव्ह यांनी तिचं नाव ठेवलं लायसोसोम, म्हणजे विरघळवणारी पिशवी. गंमत म्हणजे तोवर ती कोणी डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती. नुसत्या आकड्यांवरून तिचं अस्तित्व सिद्ध झालं होतं. त्याच वर्षी अलेक्स नोव्हिकॉफ हे अमेरिकन शास्त्रज्ञ लूव्हाँला आले आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तिचे फोटो निघाले. या नोव्हिकॉफना दोनच वर्षांपूर्वी कम्युनिस्ट असल्याच्या चौकशीत व्हरमाँट विद्यापीठाने नोकरीवरून काढलं होतं. लोकांची नावं सांगायला त्यांनी नकार दिला होता.

म्हणजे मेचनिकॉफ यांचं लाल झालेलं लिटमस आता समजलं. पेशी बाहेरची वस्तू गिळते, तेव्हा तिच्याभोवती पडद्याची पुडी बनते. ही पुडी लयकारिकेशी जोडली जाते आणि आतलं आम्ल व एन्झाइमं मिळून मालाचा भुगा करतात. साखर, अमिनो आम्लं, मेद असे सुटे भाग पेशी परत वापरते. एकदम भंगारवाल्याचा धंदा: तोडायचं, वेगळं करायचं, विकायचं. काही फुकट जात नाही.

पुडी जोडलीच नाही तर?

आता ही शेवटची जोडणीच कोणी अडवली तर? तेच करतो टीबीचा जंतू. १९७१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट या दोघांनी लंडनमध्ये दाखवलं की भक्षक पेशी टीबीचा जंतू गिळतात खऱ्या, पण त्यानंतर लयकारिका त्या पुडीशी जोडली जात नाही. जंतू आत बसून राहतो. ज्या पेशीने त्याला मारायचं, तिच्याच घरात भाडं न देता राहतो.

माझ्या आत्याला टीबी झाला होता तेव्हा मी कॉलेजात होतो. दोन महिन्यांत तिचा खोकला गेला, वजन वाढलं, आणि तिचा रोजचा प्रश्न सुरू झाला: “अरे, आता बरी आहे ना मी, मग गोळ्या कशाला?” सहा महिने का, हे तेव्हा मला तिला सांगता आलं नाही. त्याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक हेच की हा जंतू पेशीच्या आत दडून, संथपणे जगू शकतो. वरून बरं वाटणं आणि आतून साफ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्याने कोर्स पूर्ण केला, कारण काका रोज समोर उभे राहून गोळी गिळायला लावायचे. तुमच्या घरी कोणी मध्येच थांबायचं म्हणत असेल तर त्यांना ही भाड्याची गोष्ट सांगा.

घरातलाच पसारा

पेशी फक्त बाहेरचं खात नाही, स्वतःचंही खाते. जुने, मोडके भाग पुडीत बांधून लयकारिकेकडे पाठवते. द द्यूव्ह यांनी १९६३ मध्ये याला ‘ऑटोफॅजी’ म्हटलं, म्हणजे स्वभक्षण. नाव मिळालं, पण यंत्रणा कुणालाच कळेना. कुठली जनुकं हे काम करतात?

जपानचे योशिनोरी ओसुमी १९८८ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू करून याच्या मागे लागले. त्यांनी निवडलं यीस्ट, ज्याने पाव फुगतो ते. यीस्टमध्ये लयकारिकेचं काम मोठी रिक्तिका करते, आणि ती साध्या मायक्रोस्कोपमधूनही दिसते. पण पचन इतकं झटपट होतं की पुड्या दिसायच्या आत विरघळून जातात. ओसुमींनी डोकं लढवलं: तोडणारी एन्झाइमंच नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत रिक्तिका पुड्यांनी गच्च भरली. कचऱ्याच्या गाड्या येत राहिल्या, डेपो बंद. मग हजारो बदललेल्या यीस्टमधून ज्यांच्यात पुड्या जमत नाहीत असे प्रकार त्यांनी वेचून काढले आणि १९९३ पर्यंत ऑटोफॅजीला आवश्यक अशी पंधरा जनुकं हाती लागली. २०१६ चं नोबेल त्यांना एकट्यालाच मिळालं.

त्यानंतर आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपवर काय फिरलं ते आठवतंय ना? “एकादशीच्या उपवासाला नोबेल.” उपाशी पेशीत ऑटोफॅजी वाढते हे खरं आहे. पण ओसुमींनी यीस्ट उपाशी ठेवलं होतं. माणसाने किती तास उपाशी राहावं आणि त्याने कुठला आजार बरा होतो, असं त्या कामात काहीही नाही. एकादशी श्रद्धेने करा, पण मधुमेहाची गोळी घेणाऱ्या आजोबांना नोबेलचा दाखला देऊन उपाशी ठेवू नका.

सात महिन्यांची मुलगी

एक धागा मी मुद्दाम मागे ठेवला होता. तो आता घेतो.

१९३२, नेदरलँड्स. पॉम्पे नावाच्या डच डॉक्टरांनी सात महिन्यांच्या एका मुलीचं शवविच्छेदन केलं. तिचं हृदय प्रमाणाबाहेर मोठं झालं होतं. मायक्रोस्कोपखाली दिसलं की हृदयातच नाही, तर जवळजवळ सगळ्या अवयवांत ग्लायकोजेन, म्हणजे शरीर साखर साठवून ठेवतं तो पदार्थ, ठासून भरलाय. असं का, हे कळायला तेव्हा मार्ग नव्हता. पॉम्पे यांनी नोंद करून ठेवली. पुढे महायुद्धात नाझींविरुद्धच्या गुप्त चळवळीला त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत रेडिओ ट्रान्समीटर लपवायला जागा दिली, आणि एप्रिल १९४५ मध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या नोंदीचा अर्थ लागलेला त्यांना बघता आला नाही.

अर्थ लावला आंरी जेरी हर्स यांनी, १९६३ मध्ये. हे द द्यूव्ह यांचे लूव्हाँमधलेच सहकारी. या आजाराच्या मुलांमध्ये ग्लायकोजेन तोडणारी माहितीतली सगळी एन्झाइमं ठीक होती, तरीही ग्लायकोजेन साचत होता. हर्स यांनी लयकारिकेत बघितलं. तिथलं ग्लायकोजेन तोडणारं एक एन्झाइम या मुलांमध्ये नव्हतंच. माल पिशवीत येत होता, तुटत नव्हता, आणि पिशवी फुगत फुगत स्नायूचा धागा न् धागा निकामी करत होती.

प्रोग्रॅमरला हे ओळखीचं वाटेल. मेमरी घ्यायची आणि परत करायची विसरायची, याला आम्ही मेमरी लीक म्हणतो. पहिल्या तासात काहीच दिसत नाही, सगळं छान चालतं. मग एक दिवस सर्व्हर आडवा होतो. फरक इतकाच की सर्व्हर रीस्टार्ट करता येतो.

लयकारिकेतल्या बिघाडाने होतो असं सिद्ध झालेला हा पहिला आजार. आज असे पन्नासहून अधिक आजार माहीत आहेत: गोशे, हर्लर, हंटर, फॅब्री. प्रत्येकात पिशवीत साचणारा माल वेगळा. एकेक आजार दुर्मीळ, पण सगळे मिळून दुर्मीळ म्हणवत नाहीत.

आणि इथेच आशेची जागा होती. लयकारिका पेशीच्या आत आहे, पण बाहेरून गिळलेला माल शेवटी तिच्यातच जातो. मग नसलेलं एन्झाइम बाहेरून टोचलं तर? पेशी ते गिळेल आणि ते आपसूक योग्य जागी पोचेल. द द्यूव्ह यांनी हे १९६४ मध्येच सुचवलं होतं. सुरुवातीचे प्रयत्न फसले. मग १९६८ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि सहकाऱ्यांनी हर्लर आणि हंटर या दोन वेगवेगळ्या आजारांच्या रुग्णांच्या पेशी एकत्र वाढवल्या, आणि दोन्ही सुधारल्या! एकीकडे जे कमी होतं ते दुसरीने पुरवलं. शेजारणींनी एकमेकींच्या घरी साखर आणि दूध पोचवावं तसं. पुढे कळलं की एन्झाइमवर साखरेच्या रेणूची एक खूण असते, मॅनोज सहा फॉस्फेट. ती म्हणजे पाकिटावरचा पिनकोड. खूण असेल तरच पेशी ते पकडून लयकारिकेत टाकते. टोचायचं औषधही पत्ता लिहूनच पाठवायला हवं.

गोशे आजारासाठी रॉस्को ब्रॅडी यांनी बाळंतपणानंतरच्या वारेतून एन्झाइम काढलं. त्या औषधाला १९९१ मध्ये मान्यता मिळाली. पॉम्पे आजाराच्या औषधाला मान्यता मिळाली २००६ मध्ये. हिशोब करा. १९३२ ते १९६३, आजाराचं कारण कळायला एकतीस वर्षं. १९६३ ते २००६, त्यावर औषध यायला आणखी त्रेचाळीस.

पण ‘औषध आलं’ म्हणजे काय? हे एन्झाइम बहुतेकदा दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावं लागतं, आयुष्यभर. ते सहसा मेंदूपर्यंत पोचत नाही. आणि किंमत सामान्य घराला झेपेल अशी नाही. आपल्या देशात मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आलं. मे २०२२ मध्ये एका रुग्णामागे मदतीची मर्यादा ५० लाख रुपये झाली. ऐकायला आकडा मोठा आहे. पण या औषधाचा डोस वजनावर ठरतो. मूल वाढलं की वजन वाढतं, वजन वाढलं की डोस आणि खर्च वाढतो. मर्यादा मात्र तिथेच उभी. म्हणजे लेकरू बाळसं धरतंय याचा आनंद मानायचा की पैसे किती महिने पुरतील ते मोजायचं, अशा कात्रीत आईबाप सापडतात. हा प्रश्न आता शास्त्राचा उरलेला नाही. शास्त्राने आपलं काम बरंचसं केलंय. प्रश्न आपला, म्हणजे समाज म्हणून आपण कशावर खर्च करायचा ठरवतो याचा आहे.

या धोरणानुसार नेमलेल्या विशेष केंद्रांपैकी एक मुंबईतलं केईएम रुग्णालय आहे. परळ, आचार्य दोंदे मार्ग. मेचनिकॉफ यांच्या विद्यार्थ्याच्या नावाची हाफकिन संस्था कुठे आहे माहितीये? त्याच रस्त्यावर. पेशी खाते हे सांगणाऱ्या माणसाच्या शिष्याचं नाव आणि पेशीला पचत नाही म्हणून उपचारांसाठी नंबर लावून बसलेली मुलं, एकाच रस्त्यावर.

तुमच्या ओळखीत एखादं बाळ असेल, ज्याची मान उशिरा धरतेय, पोट फुगलंय, अंगात जोर नाही आणि कारण सापडत नाहीये, तर “होईल हळूहळू” म्हणून वर्ष घालवू नका. बालरोगतज्ज्ञांना जनुकीय तपासणीबद्दल विचारा. बहुतेक वेळा कारण साधंच निघेल. पण या आजारांत उपचार जितका लवकर तितका उपयोगी, कारण साचलेलं काढणं अवघड असतं, साचू न देणं त्यामानाने सोपं.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर लिहा, पुढच्या भागात घेईन. भेटू, मंडळी.